अध्याय १८, श्लोक १४: फ्रीलान्सरचं वर्ष आणि कर्माची पाच कारणं



आज आपण अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकापाशी आलो आहोत. पारायणात हा श्लोक पटकन निघून जातो, कारण पुढे शहासष्टाव्याची ओढ असते. मी मात्र आज इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे. मार्च सुरू आहे, पाडवा तोंडावर आलाय, आणि आपल्यातले जे स्वतंत्रपणे काम करतात (डिझाइन, कोडिंग, भाषांतर, फोटोग्राफी, क्लासेस, काहीही) त्यांच्या डोक्यात सध्या एकच प्रश्न घोळतोय: पुढच्या वर्षी काय? नोकरी करणाऱ्याला निदान ऑफिस अप्रेजलचा फॉर्म तरी देतं. आपल्याला फॉर्म बनवायचा आपणच, भरायचा आपणच, आणि रात्री अकरा वाजता त्यावर नाराजही आपणच व्हायचं.

श्लोक काय सांगतो ते आधी सरळ बघू. कोणतंही कर्म पार पडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर काम होतं ते. बहुतेक भाष्यकार त्याचा अर्थ शरीर असा घेतात. कर्ता म्हणजे मी, करणारा. करण म्हणजे साधनं, मुळात इंद्रियं. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाल, नाना प्रकारचे प्रयत्न. (आपल्या मराठीतली थट्टामस्करीवाली चेष्टा नव्हे.) आणि पाचवं दैव. दोन श्लोक पुढे, सोळाव्यात, भगवंत या हिशेबाचा निष्कर्ष काढतात: हे असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही.

आता हा श्लोक डोक्यात ठेवून आपली नेहमीची ध्येयांची यादी बघा. 'यंदा बारा लाख कमावणार.' 'दोन परदेशी क्लायंट मिळवणार.' 'दहा हजार फॉलोअर्स करणार.' या तिन्ही वाक्यांत पाच कारणांपैकी एकच दिसतं: कर्ता. मी, मी आणि मी. बाकीचे चौघे गायब. मग वर्षाच्या शेवटी आकडा नाही आला की शिक्षाही त्या एकट्या कर्त्यालाच. मला वाटतं, आपल्या पिढीच्या थकव्याचं एक मोठं कारण या हिशेबात आहे. पाच जणांचं काम एकाच्या नावावर टाकलंय.

याच्या उलट टोकालाही काही जण जातात. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक पुढे करतात आणि म्हणतात, फळाची अपेक्षाच ठेवायची नाही, तर ध्येय कशाला ठरवायचं? देव देईल ते काम करू. ऐकायला छान वाटतं. पण त्या श्लोकात चार गोष्टी आहेत आणि चौथी कुणी सांगत नाही. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, फळासाठी म्हणून कर्म करू नकोस, आणि कर्म न करण्याचीही ओढ लावून घेऊ नकोस. 'बघू, येईल ते येईल' ही बऱ्याचदा अनासक्ती नसते. दर सांगायची भीती असते, नकार ऐकायची भीती असते, आणि तिला आपण गीतेचा शेला पांघरतो.

खुद्द श्रीकृष्ण शिष्टाईला गेले तेव्हाची गोष्ट आठवा. महाभारतातल्या त्या पर्वाचं नावच उद्योगपर्व आहे. वाटाघाटीला जाताना पांडवांची बाजू मोघम नव्हती. अर्धं राज्य हा हक्क, आणि ते नाहीच जमलं तर निदान पाच गावं. म्हणजे अपेक्षा किती आणि कमीत कमी कुठे थांबायचं, दोन्ही आधी ठरलेलं. आपल्या भाषेत बोलायचं तर कोटेशन आणि किमान दर. पाच गावंही मिळाली नाहीत, सुईच्या अग्राइतकी जमीनही मिळाली नाही. पण भगवंतांनी जाण्याआधी 'काय मागायचं ते तिथेच सुचेल' असं म्हटलं नाही, आणि परत आल्यावर स्वतःला दोषही देत बसले नाहीत. ध्येय स्पष्ट ठेवून त्याला चिकटून न राहणं कसं दिसतं याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मग ध्येय लिहायचं कसं? इथे मला आपल्या घरातल्या पूजेचा फार आधार वाटतो. पूजेला बसलं की गुरुजी आधी संकल्प सांगतात. लहानपणी वाटायचं, हे काय लांबण लावतात, आरती कधी होणार. पण त्याची रचना बघा. आधी देश आणि काळ: कुठे बसलोय, कोणतं संवत्सर, कोणतं अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मग मी कोण: नाव, गोत्र. मग कशासाठी. आणि सगळ्यात शेवटी क्रियापद: करिष्ये. मी करीन. 'मिळवीन' असं क्रियापद तिथे नाही. काय मिळावं हेही संकल्पात सांगतात, त्यात लाज नाही. आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य सगळं मोकळेपणी मागतात. पण त्याची जागा 'यासाठी' अशी आधी येते. वाक्याचा शेवट मात्र आपल्या हातातल्या कामावर होतो. आणि मग पळीभर पाणी तळहातावरून ताम्हनात सोडायचं. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं, उदक सोडणं हे वाक्प्रचार आपल्याला माहीत आहेतच. म्हणजे ज्या क्षणी ठरवलं त्याच क्षणी त्यावरचा हक्कही सोडला.

वर्षाचं ध्येय असंच लिहून बघा. 'बारा लाख कमावणार' ऐवजी: 'मी, पुण्यात राहणारी, या चैत्रापासून पुढच्या फाल्गुनापर्यंत, घर आणि आई-बाबांचं औषधपाणी नीट चालावं यासाठी, दर आठवड्याला दोन नव्या ठिकाणी कामाचा प्रस्ताव पाठवीन.' आकडा गेला नाही. तो 'यासाठी'च्या मागे उभा आहे. पुढे क्रियापद आहे. संध्याकाळी स्वतःला विचारलं की पाठवला का, तर हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं.

आता पाचही कारणं एकेक करून आपल्या वर्षाला लावून बघू. टीकाग्रंथात याचे अर्थ फार सूक्ष्म आहेत. मी लावतेय तो रोजच्या कामातला, ढोबळ अर्थ आहे हे लक्षात असू द्या.

अधिष्ठान, म्हणजे शरीर. फ्रीलान्सरच्या ध्येयांच्या यादीत हे कधीच नसतं आणि हिशेब इथूनच सुरू व्हायला हवा. वर्षाचे दिवस ३६५. शनिवार-रविवारचे १०४ काढा. गणपती, दिवाळी, लग्नकार्य, वारीत एखादा टप्पा चालायचा असेल तर तो, असे पंधरा. आजारपण, घरातलं कुणाचं दुखणं, वीज आणि नेट गेलेले दिवस मिळून दहा. उरले २३६. यातला प्रत्येक दिवस बिल लावण्यासारखा नसतो. कोटेशन पाठवणं, फोन, बिलांचा पाठपुरावा, नवीन शिकणं, यात चाळीस टक्के तरी जातात. म्हणजे ज्यांचे पैसे मिळतील असे दिवस सुमारे १४०. आता घरखर्च, विमा, कर, लॅपटॉपसाठी बाजूला टाकायची रक्कम, थोडी बचत असं सगळं धरून वर्षाला समजा ८ लाख ४० हजार लागतात. भागिले १४०. दिवसाला ६,००० रुपये. हा आकडा माझा नाही आणि तुमचाही नसेल, पण भागाकार प्रत्येकाने करावा. बहुतेक जण ३६५ ने किंवा फार तर २५० ने भागतात, दर कमी ठरवतात, आणि उरलेली तूट झोपेतून भरून काढतात. सहाव्या अध्यायात भगवंत खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं सगळं बेताचं असेल त्यालाच योग दुःख हरणारा होतो असं सांगतात. तिथे कामाचाही उल्लेख आहे, हे आपण वाचताना विसरतो.

दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास माझा फार आवडता आहे. त्याचं नाव लेखनक्रिया निरूपण. समर्थ तिथे चक्क अक्षर कसं काढावं ते शिकवतात. त्यात एक बारीकसा सल्ला येतो: तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते कामाचं राहत नाही. मनगटाला पट्टा बांधून रात्री दोन वाजता डिझाइन पाठवणाऱ्या प्रत्येकाने हा समास एकदा वाचावा.

करणांचं, म्हणजे साधनांचं, त्याच समासात भागतं. कोणते बोरू आणावेत, ते कसे तोडावेत, शाई कोणती, कागद कसा, सगळं समर्थांनी सांगितलंय. परमार्थ सांगणारा माणूस बोरू तोडण्यावर ओव्या खर्च करतो, तर आपण वर्षातून एकदा बॅकअपची हार्ड डिस्क, खुर्ची आणि एखादा शिकायचा कोर्स एवढं ठरवायला हरकत नाही. एक साधन एका वर्षात. दहा कोर्स विकत घेऊन ठेवणं हा वेगळा रोग आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

कर्त्याकडे येऊ. इथे खरी अडचण आहे, आणि माझी यंदाची अडचण इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी गेली नऊ वर्षं भाषांतर करते. सबटायटल्स, ऑनलाइन अभ्यासक्रम, ॲपमधला मजकूर. घरी आई-बाबा आहेत, बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, आणि घरात नियमित कमावणारी मी एकटी. माझं निम्म्याहून जास्त काम ज्या एका कंपनीकडून येतं, तिने फेब्रुवारीत कळवलं की एप्रिलपासून पहिलं भाषांतर मशीन करणार. आम्ही फक्त ते तपासून सुधारायचं. दर आधीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मेल अतिशय सभ्य होता, शेवटी 'तुमच्या सहकार्याची अपेक्षा आहे' वगैरे. घ्या किंवा सोडा, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी 'यंदा इतके लाख' हे ध्येय काहीच कामाचं नसतं. खरा प्रश्न तो नसतोच. प्रश्न हा असतो की करणारी मी कोण आहे? गीता दोनदा सांगते, तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा याच अठराव्यात, की दुसऱ्याचा धर्म कितीही छान जमला तरी आपला, थोडा उणा असला तरी, बरा. लोक याचा अर्थ 'पॅशन फॉलो करा' असा लावतात. मला तो पटत नाही. आवडीचा तिथे काही संबंध नाही; अर्जुनाला त्या क्षणी त्याचं काम अजिबात आवडत नव्हतं. स्वधर्म ठरतो तो माझ्या स्वभावावरून, माझ्या शिक्षणावरून आणि माझ्यावर कोण अवलंबून आहे यावरून. बाबांचं डायलिसिस हा माझ्या स्वधर्माचा भाग आहे. तो बाजूला ठेवून मी 'मशीनचं उष्टं काम करणार नाही' असा बाणा मिरवला तर ते शूरपणाचं दिसेल, पण तो बाणा दुसऱ्या कुणाचा तरी असेल.

नरहरी सोनारांची कथा इथे आठवते. ते कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंडही बघणार नाहीत. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायला सांगितला. माप दुसऱ्याने आणून दिलं. करगोटा केला, तर सैल. पुन्हा केला, तर आखूड. (रिव्हिजनच्या फेऱ्या तेव्हाही होत्या!) शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः गाभाऱ्यात गेले, स्वतःच्या हातांनी माप घ्यायला लागले, तेव्हा त्यांना विठ्ठलात शंकर सापडला आणि माप जमलं. कीर्तनात ही कथा हरिहर ऐक्यासाठी सांगतात. मला कारागीर म्हणून त्यातली पहिली बाजूही महत्त्वाची वाटते. दुसऱ्याने आणलेल्या मापावर करगोटा बसत नाही. सोशल मीडियावर कुणी 'तीन वर्षांत फ्रीलान्सिंगमधून कोटी' म्हणतं, ते त्याच्या कमरेचं माप आहे.

जाता जाता एक गोष्ट. आपले कितीतरी संत पगारदार नव्हते. गोरोबा मडकी करायचे, सावता महाराज मळा, नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, सेना महाराज हजामत करायचे, नरहरी सोनारकाम. गिऱ्हाईक आलं तर पैसा. तेव्हा फ्रीलान्सिंग ही काही परदेशातून आलेली नवी गोष्ट नाही, आणि भक्तीला ती अडचणीचीही नाही.

तर, माझं माप. मी ते काम सहा महिन्यांसाठी घ्यायचं ठरवलंय, पण आठवड्यातून दोनच दिवस. तिसरा दिवस त्याला द्यायचा नाही, कितीही काम आलं तरी. उरलेल्या दिवसांत मी मूळ मराठीतच लिहिण्याची कामं शोधणार आहे: दवाखान्यांची रुग्णांसाठीची माहिती, डिस्चार्जच्या वेळच्या सूचना, घ्यायच्या काळजीची पत्रकं. डायलिसिस सेंटरमध्ये बसून नऊ-दहा महिने ती पत्रकं वाचलीत मी. ती कुणालाच कळत नाहीत. 'द्रवपदार्थांचे सेवन मर्यादित ठेवावे' म्हणजे दिवसाला किती वाट्या पाणी, आणि आमटी त्यात मोजायची का, हे शेजारच्या खुर्चीवरच्या आजींना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हे काम मला येतं, त्याची गरज मला डोळ्यांनी दिसते, आणि त्यातून पैसे मिळतील की नाही हे मला आज सांगता येत नाही.

आता चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष हालचाली. श्लोकात इथे अनेकवचन आहे, शिवाय 'नाना प्रकारच्या' आणि 'वेगवेगळ्या' असा दुहेरी जोर आहे. एकाच प्रयत्नावर वर्ष टांगू नये एवढं तर त्यातून नक्की घेता येतं. माझ्या वहीत यंदा या ओळी आहेत. दर सोमवारी दोन दवाखान्यांना किंवा डॉक्टरांना नमुना पाठवीन. महिन्यातून एक पत्रक कुणी न सांगता, फुकट, नीट लिहून काढीन, म्हणजे दाखवायला काहीतरी असेल. काम संपल्यावर २४ तासांच्या आत बिल पाठवीन. दर शुक्रवारी थकलेल्या बिलांची आठवण करीन, आणि ती आठवण करताना माफी मागणार नाही. या शेवटच्या ओळीला मी साधना म्हणते. 'सॉरी टू बॉदर यू' न लिहिता स्वतःचेच पैसे मागून बघा, अहंकार आणि न्यूनगंड दोन्ही किती आत बसलेत ते कळेल.

तिमाहीला एकदा या ओळी तपासायच्या. त्याला आपल्याकडे आयत्या तारखा आहेत: ॲडव्हान्स टॅक्सच्या. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. नाहीतरी त्या दिवशी वर्षाचं उत्पन्न किती होणार याचा अंदाज काढावाच लागतो. व्यावसायिक शुल्कावर क्लायंट साधारण १० टक्के टीडीएस कापतात, तो जमा झालाय का हेही त्याच दिवशी बघून घ्यायचं. हिशेबाच्या वहीशेजारी संकल्पाची वही उघडायची. आकडा बघायचा, पण प्रश्न आकड्याला विचारायचा नाही. प्रश्न क्रियापदांना विचारायचा: पाठवलं का, लिहिलं का, मागितलं का? क्रियापदं सगळी झालीत आणि तरी आकडा कमी, तर वाट बदलायला हवी. क्रियापदंच झाली नाहीत, तर वाट बदलायची घाई नको.

कोणतं वर्ष धरायचं, याचाही गोंधळ असतो. १ जानेवारी, १ एप्रिल, पाडवा, की व्यापारी मंडळींसारखं दिवाळीत वहीपूजनाला? मी पाडवा धरते, कारण तो आर्थिक वर्षाच्या आसपास येतो, आणि त्या दिवशी कडुलिंबाचा पाला खायचा असतो. वर्षाच्या नियोजनाला ती चव योग्य वाटते.

राहिलं दैव. आपण दैव म्हटलं की नशीब समजतो, आणि लगेच हात वर करतो. पण शंकराचार्यांच्या भाष्यात इथे दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा अर्थ आहे, जसा डोळ्यांना सूर्य. किती सुंदर आहे हे. डोळा माझा, पण उजेड माझा नाही. उजेड नसेल तर जगातला सगळ्यात तेज डोळाही कामाचा नाही. कुणीतरी आपलं नाव कुठेतरी सुचवतं, मेल नेमका योग्य माणसाच्या हाती पडतो, बाजारात एखाद्या कौशल्याला अचानक मागणी येते किंवा जाते, हे सगळं उजेडासारखं. आपण निर्माण केलेलं नाही. आलं तर नमस्कार करायचा, गेलं तर डोळे फोडून घ्यायचे नाहीत.

पण दैव मान्य करणं म्हणजे बेसावध राहणं नव्हे. शेतकऱ्याला पाऊस हातात नाही हे माहीत असतं, म्हणून तर तो कणगी भरून ठेवतो. फ्रीलान्सरच्या वर्षात कणगी म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. सहा जमत नसतील तर तीन, तीन नसतील तर एक. यंदाच्या ध्येयांत ही एक ओळ मी कुणालाही आग्रहाने लिहायला सांगेन, आणि आई-वडील असतील तर त्यांचा आरोग्य विमा. दुसरी गोष्ट, उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन ती मोफत होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. एकट्याने घरातून काम करणाऱ्यालाही ही नोंदणी करता येते. नोंदणीचा क्रमांक बिलावर छापला की समोरचा माणूस जरा वेगळ्या स्वरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

एक धोका सांगायचा राहिला. सोळाव्या अध्यायात तेरा ते पंधरा या श्लोकांत भगवंतांनी आसुरी वृत्तीच्या माणसाची जणू डायरीच उघडून दाखवली आहे. आज काय पदरात पाडलं, पुढे काय पाडणार, कोणत्या शत्रूला संपवलं, आता कुणाचा नंबर, माझ्या तोडीचा आहे कोण. आपण हसतो, पण डिसेंबर अखेरीस लोक जे 'माझं वर्ष' म्हणून टाकतात ते यापेक्षा फार वेगळं असतं का? आणि यातली खरी मेख पुढे आहे: त्याच यादीत तो यज्ञ करीन, दान देईन असंही म्हणतो. म्हणजे यादीत चांगली कामं घातली म्हणून यादी सात्त्विक होत नाही. 'यंदा दोन पारायणं, एक वारी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान' हेही तशाच आवाजात लिहिता येतं. म्हणून मी माझी यादी लिहून झाली की एकदा मोठ्याने वाचते. आवाज छाती पुढे काढून बोलल्यासारखा येतोय का, ते कानाला लगेच कळतं. अशा ओळी खोडायच्या नाहीत, फक्त पुन्हा लिहायच्या, 'यासाठी' कुणासाठी आहे ते घालून.

यंदा पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाली की वही घ्या. पाच कारणांसाठी पाच पानं करा, पण सगळी सारखी भरायचा हट्ट नको. कुणाचं शरीराचं पान यंदा सगळ्यात मोठं असेल, कुणाचं साधनांचं. दैवाच्या पानावर मी दोनच गोष्टी लिहिते: वर कणगीचा आकडा, आणि खाली गेल्या वर्षी न मागता ज्यांनी ज्यांनी मला काम सुचवलं त्यांची नावं. गेल्या वर्षीची सात निघाली. त्या सात जणांना पाडव्याच्या दिवशी फोन करायचा, कामासाठी नाही, नुसता.

उद्या पंधरावा श्लोक. शरीर, वाणी आणि मन, या तिन्हींनी जे जे होतं त्याला हीच पाच कारणं कशी लागू होतात ते बघू. दवाखान्यांना पाठवायचा पहिला नमुना आज रात्री पूर्ण करायचाय, डायलिसिसच्या रुग्णाने उन्हाळ्यात पाणी कसं मोजावं यावरचा. आमटी मोजायची असते बरं का.